डॅशबोर्ड काय काय लपवतो: छोट्या स्क्रीनच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

सुरुवात करतोय. कल्पना साधी आहे, गाडीच्या ओबीडी पोर्टला (इंजिनाची तपासणी करायला दिलेलं सॉकेट) ब्लूटूथ डाँगल लावायचा, त्यातून येणारे आकडे एका छोट्या स्क्रीनवर दाखवायचे आणि तो स्क्रीन अशा जागी बसवायचा की मान वळवावी लागणार नाही. मोबाईलवर ॲप टाकून हे सगळं होतं हे माहितीये, पण गाडीत मोबाईल नकाशाला लागतो, मधेच कुणाचा तरी फोन येतो आणि आकडे गायब, शिवाय मला स्वतःला करून बघायचंय, एवढं कारण पुरे.

खरं कारण वेगळंय. माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा गाडी तापली की बरोब्बर मध्यावर येतो आणि मग हलतच नाही. चढ असो, ट्रॅफिक असो, भर दुपारी एसी फुल असो, काटा आपला मध्यावर. इंजिन खरंच इतकं स्थितप्रज्ञ असतं का, ते बघायचंय.

९ जानेवारी

पोर्ट सापडलं, स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या जरा वर, झाकणाच्या आड. १६ पिना. हे पोर्ट अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून. सक्ती धुराच्या नियमांसाठी होती, मालकाला माहिती मिळावी म्हणून नाही, त्यामुळे हक्काने मिळतं ते सगळं इंजिन आणि धुराशी संबंधित. दार नीट लागलं का, एसी किती गार करतोय, असलं काही विचारायला गेलं तर प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी आणि ती कुणी सांगत नाही.

६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कॅन बस, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांची आपसात बोलायची पद्धत. ही बॉशने १९८६ मध्ये जाहीर केली. प्रत्येक गोष्टीला वेगळी वायर ओढण्यापेक्षा दोन वायरींवर सगळ्यांनी आळीपाळीने बोलायचं. त्याआधी गाड्यांमधल्या वायरींचे जुडगे इतके जाड व्हायला लागले होते की नुसत्या तांब्याचंच वजन डोकेदुखी झालेलं.

१३ जानेवारी

डाँगल आला. आत ईएलएम३२७ (गाडीशी बोलून आकडे काढणारी चिप) आहे असं खोक्यावर लिहिलंय, म्हणजे बहुतेक नाही. मूळ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या कॅनडातल्या कंपनीची, तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल होऊ नये म्हणून काही कुलूपच नव्हतं, झालं, जगभर नकला. गंमत म्हणजे त्यातले कितीतरी डाँगल विचारलं की ऐटीत सांगतात आम्ही आवृत्ती १.५, आणि मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नव्हती. आता तर मूळ कंपनीनेही २०२२ मध्ये काम थांबवलं, म्हणजे असली नाहीसा झाला आणि नकली राहिले. माझावालाही १.५ च म्हणतोय. चालतंय तोवर चालू दे.

डोकं म्हणून ईएसपी३२ हे छोटं कंट्रोलर बोर्ड घेतलंय. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) पडून होता पण त्याला उठायला वेळ लागतो, आणि स्टार्टर मारताना गाडीचा यूएसबी सॉकेट क्षणभर जातो तेव्हा तो परत पहिल्यापासून. ईएसपी३२ चावी फिरवली की तयार.

१८ जानेवारी

पहिला संवाद! ही मजा लिहून ठेवतो. गाडीला विचारलं ‘०१०५’. यातला ०१ म्हणजे आत्ताचा आकडा दे आणि ०५ म्हणजे कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान. उत्तर आलं ‘४१ ०५ ७बी’. पहिले दोन भाग म्हणजे तुझा प्रश्न मिळाला याची पोच. ७बी हा दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा (बी म्हणजे ११), आपल्या हिशोबात १२३. त्यातून ४० वजा करायचे, ८३. इंजिन ८३ अंशांवर.

हे ४० का, तर एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं आणि बर्फाळ देशात इंजिन शून्याच्या खालीही असतं, म्हणून शून्याची जागाच ४० ने सरकवली, उणे ४० ते २१५ सगळं बसलं. असली काटकसर बघितली की बरं वाटतं.

आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) दोन बाइट. ‘०१०सी’ विचारलं, ‘४१ ०सी ०सी ८०’ आलं. पहिला बाइट १२, दुसरा १२८. १२ गुणिले २५६ अधिक १२८, भागिले ४, बरोबर ८००. काटाही ८०० च्या आसपासच. म्हणजे हा काटा तरी खरं बोलतो.

२१ जानेवारी

टेंपरेचरचा काटा मात्र नाही. आज गाडी थंड असल्यापासून आकडे बोर्डाच्या मेमरी कार्डवर लिहून घेतले. काटा मध्यावर आला तेव्हा इंजिन ७६ वर होतं. मग ८०, ८५, ९०, सिग्नलला उभा राहिलो तर ९७, तिथे फॅन सुरू झाला, ९१ ला परत बंद. एवढं सगळं वरखाली होतंय आणि काटा ढिम्म. म्हणजे तो मोजमाप दाखवतच नाहीये, ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणतोय, फक्त आव मोजमापाचा आणतोय. पाटीवर सी (कोल्ड) आणि एच (हॉट) आणि मधल्या रेघा कशाला छापल्यात मग.

शोधलं तर हे उघड गुपित आहे, बऱ्याच कंपन्या करतात. जुन्या गाड्यांत काटा खरोखर तापमानाप्रमाणे हलायचा, फॅन लागला की खाली, चढ आला की वर, आणि लोक घाबरून गाडी वर्कशॉपला आणायचे. बिघाड काहीच नसायचा. कूलंट दाबाखाली असतो, झाकण साधारण १ बारचा दाब धरून ठेवतं त्यामुळे १२० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, तेव्हा ९७ ला काही होत नाही. पण काटा मध्याच्या पुढे गेलेला बघून धीर धरणारा माणूस विरळाच.

तरी मला राग आलाच. माझ्या गाडीचा आकडा माझ्यापासून लपवायचा?

२४ जानेवारी

वेगाचंही तेच. काटा ८०, गाडीचा कॉम्प्युटर ओबीडीवर सांगतो ७६, जीपीएस म्हणतो ७५. यात मात्र कायदाच आहे. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर चालेल, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमीपर्यंत. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ दाखवत असेल तरी नियमात बसतो! कंपन्या मग सुरक्षित राहायला थोडं वरचंच ठेवतात, कारण टायर झिजला तर घेर कमी होऊन काटा आणखी जास्तच दाखवतो, पण जरा मोठा टायर कुणी टाकला तर काटा कमी दाखवायला लागेल, ती वेळ येऊ नये.

माझा एक मित्र वर्षानुवर्षं सांगतोय की त्याची गाडी अमुक वेगाला गेली. त्याला हे सांगितलं नाही. मैत्री टिकवायची आहे.

२५ जानेवारी

डाँगल रात्रभर लावून ठेवायचा नाही. १६ नंबरच्या पिनेला बॅटरी कायम जोडलेली असते, चावी काढली तरी. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर हा थेंबथेंब बॅटरी पितो. आरपीएम शून्य झाले की थोड्या वेळाने झोपायचं असं कोडमध्ये टाकलं, पण डाँगलचा स्वतःचा लाल दिवा चालूच राहतो. सध्या हाताने काढतोय.

१ फेब्रुवारी

आज प्रकल्पाचा पहिला खरा उपयोग झाला, तोही माझ्या गाडीला नाही.

आतेभावाच्या गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. एका गॅरेजमध्ये कोड वाचला, पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त पेट्रोल कमी. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा विझला, थोड्या दिवसांनी परत हजर. आता म्हणतात इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) काढून बघू.

लोकांना (आणि काही मेकॅनिकांना) वाटतं कोड म्हणजे बिघडलेल्या पार्टचं नाव. तसं नसतं. डॉक्टरकडे ताप १०१ म्हणून सांगितल्यासारखं आहे ते, कशाने आला ते शोधावं लागतं. आणि कॉम्प्युटरला त्याहून बरंच जास्त माहीत असतं. फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो, मिश्रण जागेवर ठेवायला ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडावं लागतंय तो. माझं बोर्ड लावलं. गाडी जागेवर उभी, आयडलला (इंजिन चालू, ॲक्सिलरेटर न दाबता), ट्रिम अधिक २२. बापरे. मग त्याला म्हणलं ॲक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमवर धर. हळूहळू उतरत अधिक ४ वर आलं.

यातच उत्तर होतं. आयडलला इंजिन हवा अगदी थोडी ओढतं, त्यामुळे कुठून तरी चोरवाटेने हवा आत शिरत असेल तर तिचा वाटा मोठा पडतो. २५०० ला मूळ हवाच भरपूर, चोरटी हवा किस झाड की पत्ती. सेन्सर किंवा पंप गेला असता तर आकडा असा उतरला नसता, पंप कमजोर असता तर उलट जास्त आरपीएमला चढला असता. बोनेट उघडून कान दिला, मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) मागे बारीक फुस्स आवाज, बोटांनी एक रबरी पाइप चिमटला तर आयडल लगेच बदललं. वाकवून बघितला तर वळणावर चीर, बाहेरून दिसत नव्हती. करंगळीएवढा पाइप, दुसरं काही नाही.

कोड पुसला, दिवा आला नाही. आतेभाऊ म्हणाला मग गाडीलाच सगळं कळत होतं तर सांगितलं का नाही. सांगितलं होतं रे, पण एक पिवळं चित्र दाखवून, त्याच्यावर माणसाने काय समजायचं.

(दिवा नुसता पुसण्याबद्दल पण लिहितो. सध्या जो तो विचारतो तुझ्याकडे ते यंत्र आहे ना, आमचा दिवा घालव. दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. वर पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात आणि दोष घडला त्या क्षणी इंजिन कसं चालू होतं ती नोंदही उडते, म्हणजे मेकॅनिकला हवी ती माहिती आपणच पुसून गाडी त्याच्याकडे न्यायची.)

८ फेब्रुवारी

मामा आले होते. मामांचं ठाम मत, उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची, पेट्रोल वाचतं, आम्ही आयुष्यभर हेच केलं. मी म्हणलं चला दाखवतो.

हिशोब असा, इंजिनात सेकंदाला किती ग्रॅम हवा जाते ते गाडी सांगते, पेट्रोलला हवा १ ला १४.७ या प्रमाणात लागते, म्हणून हवेला १४.७ ने भागलं की पेट्रोल. आयडलला २.५ ग्रॅम हवा म्हणजे ०.१७ ग्रॅम पेट्रोल, तासाचे ६१२ ग्रॅम, लिटरला ७४० ग्रॅम धरले तर तासाला साधारण ०.८३ लिटर. न्यूट्रलला गाडी उतरते तेव्हा इंजिन हेच आयडलचं पेट्रोल खात असतं.

आता गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर चाकंच इंजिनाला फिरवतात, कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, पेट्रोल शून्य. फक्त वरचं सूत्र इथे फसतं, कारण इंजिन फिरतंय म्हणजे हवा जातेच आहे आणि सूत्र त्या हवेला पेट्रोल लावत बसतं. म्हणून ‘०१०३’ विचारायचं, इंधन यंत्रणेची स्थिती. तिथे ४ आला आणि पाय वर असला तर पेट्रोल तोडलंय, आकडा सरळ शून्य करायचा. बाजारातल्या काही ॲपमध्ये उतारावर ॲव्हरेज उगाच वाईट दिसतं त्याचं कारण हे असावं असा माझा अंदाज.

उतारावर दाखवलं. गिअरमध्ये, पाय वर, शून्य. न्यूट्रल, ०.८. परत गिअर, शून्य. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले तुझं यंत्र बिघडलंय.

पण खरं सांगायचं तर मामांची जुनी गाडी कार्ब्युरेटरची. तिथे इंजेक्टर नाही, कॉम्प्युटर नाही, पाय वर घेतला तरी बंद थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) मागे ओढ तयार होते आणि आयडलच्या भोकातून पेट्रोल येतच राहतं, आरपीएम जास्त तेवढं जास्त. म्हणजे त्यांच्या गाडीत पेट्रोलपुरतं त्यांचं खरं होतं. ब्रेकपुरतं नव्हतं, न्यूट्रलला इंजिनाचा अटकाव जातो आणि लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. हे सांगितलं तर म्हणाले ते ब्रेक आता मिळत नाहीत.

९ फेब्रुवारी

कालचा ग्राफ बघत बसलो. येताना गाडी मामा चालवत होते. मधे मधे वेग हळूच ७० वरून ५५ वर येतो, मग परत ७०. रस्ता मोकळा. आठवून बघितलं तर ग्राफमध्ये जिथे जिथे खड्डा पडलाय तिथे तिथे मामा काहीतरी सांगत होते, आणि मी बोलायला लागलो की परत पाय दाबला जायचा.

क्रूझ कंट्रोलचा (वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय) जन्म याच वैतागातून झाला असं सांगतात. राल्फ टीटर नावाचा अमेरिकन इंजिनिअर, लहानपणीच दृष्टी गेलेली, त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की हळू करायचा आणि ऐकायला लागला की जोरात. दिसत नसल्याने टीटरला तो झटका जास्तच जाणवायचा. १९५० मध्ये पेटंट मिळालं, १९५८ मध्ये क्रायसलरच्या इंपीरियलमध्ये बसलं. दृष्टी नसलेल्या माणसाला जे कळलं ते चालवणाऱ्या वकिलाला कळलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

मित्राच्या नव्या गाडीत बसलो. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरतं, पुढची गाडी जवळ आली की पीक पीक, वेगमर्यादा ओलांडली की वेगळं पीक पीक. त्याने सगळे आवाज बंद करून टाकलेत, पण चावी (बटण!) परत दाबली की सगळे परत चालू. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेचा इशारा सक्तीचा आहे आणि दर वेळी गाडी सुरू केली की तो आपोआप चालू झालाच पाहिजे असा नियम आहे. हेतू चांगलाय, मान्य. पण जी गाडी दर मिनिटाला ओरडते तिच्या खऱ्या ओरडण्याकडे कोण बघणार.

आणीबाणीचा ब्रेक मात्र मी कधी बंद करणार नाही. तो एरवी गप्प असतो आणि वेळेला काम करतो, मला तंत्रज्ञान असं आवडतं.

त्याच्या गाडीत काच पुसायचा वेगसुद्धा स्क्रीनच्या मेनूत! २०२२ मध्ये एका स्वीडिश कार मासिकाने ताशी ११० किमी वेगाने चालत्या गाडीत तीच ती चार कामं करायला लावली होती, २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोमध्ये १० सेकंदात झाली, ३०६ मीटर, आणि सगळ्यात वाईट टचस्क्रीनवाल्या गाडीत ४४.९ सेकंद, १३७२ मीटर. आता युरो एनकॅपनेही (युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणारी संस्था) २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे यांना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय. उशिरा का होईना.

माझ्या स्क्रीनला टच नाही आणि लावणारही नाही.

२२ फेब्रुवारी

बसवण्याची जागा. उजवीडावीकडे खूप बघितलं. प्रवाशाच्या बाजूला सपाट जागा मस्त आहे पण तिथे खाली एअरबॅग. ती साधारण ३० मिलिसेकंदात फुगते, वर चिकटवलेली वस्तू थेट तोंडावर येणार. स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या वरच्या काठावर बसवला. दुतर्फी टेप उन्हात सुटली, बंद गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जाऊ शकतो, मग छोटी पट्टी वाकवून फटीत अडकवली. गोंद नाही, भोक नाही.

१ मार्च

स्क्रीनवर सुरुवातीला सगळं टाकलं होतं, तापमान, वेग, पेट्रोल, व्होल्टेज, ट्रिम. आज वहिनी शेजारी बसल्या होत्या. ८८ बघून काही बोलल्या नाहीत. ९३ झालं तेव्हा विचारलं हे वाढतंय ते काय आहे. ९६ ला म्हणाल्या बाजूला घेऊया का. मी सांगतोय फॅन लागेल आत्ता, काही होत नाही, १२० पर्यंत काळजी नाही, तर म्हणाल्या १२० होणारे का? फॅन लागला, ९१ झालं, त्यांनी सुस्कारा टाकला, आणि पुढच्या सिग्नलला परत तेच. उतरेपर्यंत आमचं दुसरं बोलणं नाही. आणि मीही रस्ता सोडून तिकडेच बघत होतो हे आत्ता कार्डवरच्या वेगाच्या ग्राफवरून कळतंय, मामांसारखे खड्डे.

८ मार्च

नवा कोड टाकला. ७५ च्या खाली असेल तर कोपऱ्यात निळा ठिपका, म्हणजे इंजिन अजून थंड आहे, जोरात दामटू नको. ७५ ते १०४ काहीच नाही, स्क्रीन काळा. १०५ झाले की मोठा लाल आकडा. व्होल्टेजचंही तसंच, इंजिन चालू असताना १२ च्या खाली गेलं तरच दिसणार. पेट्रोलचा आकडा गाडी थांबल्यावर. वेग काढून टाकला, काटा दाखवतो तो पुरे. बाकी सगळं गपचूप कार्डवर, घरी येऊन बघायचं.

आतेभाऊ म्हणाला म्हणजे तू कंपनीचाच काटा परत बनवलास की. जवळजवळ. फरक एवढाच की काटा हलायला लागतो तोवर उशीर झालेला असतो असं म्हणतात, माझा १०५ लाच ओरडेल, आणि मागे काय झालं होतं ते कार्डवर आहे. आणि काळा स्क्रीन मी मोजमाप आहे असं भासवत नाही, त्यावर सी आणि एच छापलेलं नाही.

१५ मार्च

राहिलेलं काम. रात्री लाल रंग फार भडक दिसतो, प्रकाश मोजणारा छोटा सेन्सर लावून कमी करायचा. डाँगल मधेच संपर्क सोडतो तेव्हा काळा स्क्रीन आणि ‘सगळं ठीक’चा काळा स्क्रीन सारखाच दिसतो, हे चालणार नाही, संपर्क तुटला की कोपऱ्यात फुली यायला हवी, हे आधी. मामांना एक पाहिजे आहे, त्यांच्या गाडीला पोर्टच नाही, त्यांच्यासाठी कूलंटच्या पाइपला बाहेरून सेन्सर बांधून काहीतरी करता येईल, ते पुढच्या महिन्यात बघू.